लेकरू गेलं, आता त्याच्या नावानं काय करू?

परभणी जिल्ह्यातल्या एका आशा स्वयंसेविकेचं पत्र आलं आहे. नाव-गाव काढून, थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, नमस्कार. माझं लेकरू गेलं त्याला येत्या भाद्रपदात वर्ष होईल. सात वर्षांचा होता. ब्लड कॅन्सर. दोन वर्षं मुंबईला परेलच्या टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या केल्या. आजार परत येऊ नये म्हणून मेंटेनन्सच्या गोळ्या चालू होत्या, शाळेत जायला लागला होता, अन् आजार उलटला. मी गावात आशा आहे. दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करते, ताप बघते, अन् माझ्याच लेकराचा ताप मला कळला नाही. पहिले दीड महिने टायफॉईड म्हणून सलाईनच लावत होतो. तो पोटात असताना मी कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत रानात जायची. त्यानं झालं असंल का, हे रोज डोक्यात येतं. मला आता दुसऱ्या लेकरांसाठी काहीतरी करायचंय. पण मालक त्याचं नावच काढू देत नाहीत, उठून रानात जातात. सासूबाई म्हणतात, गेलेल्या लेकराचं भांडवल करू नको. गावातले एक पुढारी म्हणतात, वर्षश्राद्धाला त्याच्या नावानं ट्रस्ट काढू, बॅनर लावू, मंत्र्यांना बोलवू. गावानं वर्गणी केली होती, त्यातले चाळीस हजार खात्यावर उरलेत. त्यांचं काय करू? गोळ्यांचा डबा अन् फाईल कपाटात तशीच आहे. मोठी मुलगी नववीला आहे, ती काही बोलतच नाही. माझं शिक्षण बारावी. माझ्याच्यानं काय होणार?"

ताई, फवारणीपासून सुरू करते, कारण ते मनात घेऊन तुम्ही घरोघर फिरताय. लहान मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं बाहेरचं कारण सापडत नाही. साधारण दहातल्या एका मुलात जन्मतः आलेला जनुकीय दोष असतो. बाकीच्यांत पेशी तयार होताना कुठेतरी बिघाड होतो, आणि अमुक लेकराला तो अमुक कारणानं झाला असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. गरोदर बाईनं फवारणीपासून लांब राहावं हे खरंच, तुम्ही गावातल्या लेकीसुनांना ते सांगत असालच. त्यावरून 'माझ्यामुळे झालं' हा निकाल मात्र निघत नाही.

तापाचंही ऐका. ल्युकेमियाचा, म्हणजे ब्लड कॅन्सरचा, ताप सुरुवातीला चारचौघांच्या तापासारखाच असतो. डेंग्यू-टायफॉईडच्या दिवसांत तो भल्या भल्या डॉक्टरांना चकवतो. आणि या आजारात पुढे काय होणार, हे मुख्यतः ठरतं ते मुलाच्या वयावर, निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी किती होत्या त्यावर, त्या पेशींत कोणते जनुकीय बदल होते त्यावर आणि पहिल्या महिन्याच्या औषधाला आजारानं किती दाद दिली त्यावर. दीड महिना उशीर झाला म्हणून दोन वर्षांनी आजार उलटला, असं सरळ गणित कुणालाही मांडता येत नाही. हे मी समजूत काढायला लिहीत नाही. तुमच्या फाईलमध्ये 'रिस्क' म्हणून शेरा असेल. एकदा परेलला जाऊन त्याचा अर्थ त्याच डॉक्टरांकडून समजून घ्या. लेकरू गेल्यावर आईबाप त्या दारात पुन्हा जात नाहीत, पाय उचलत नाही. पण डॉक्टर भेटतात, बोलतात. माझा आग्रह आहे की बाकी काही सुरू करण्याआधी ही भेट व्हावी. स्वतःला दोषी धरून लोकांत काम करणारी बाई प्रत्येक तापलेल्या लेकरात आपलाच मुलगा बघते, आणि मग ती स्वतःही घाबरते आणि समोरच्या आईलाही घाबरवते.

आता 'माझ्याच्यानं काय होणार' याकडे येते.

जगात दरवर्षी एकोणीस वर्षांपर्यंतच्या साधारण 4 लाख मुलांना कॅन्सर होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. श्रीमंत देशांत त्यातली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हेच प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली आहे. 2018 मध्ये या संघटनेनं 2030 पर्यंत जगभर निदान 60 टक्के मुलं वाचवायचं ठरवलं. ही दरी पडते कशानं? निदान उशिरा होतं, चुकीचं होतं, दवाखाना लांब असतो, औषधांचा त्रास सांभाळला जात नाही, आजार उलटतो आणि उपचार अर्ध्यात सुटतो. यातली काही कारणं मोठ्या हॉस्पिटलातली आहेत. पण उशीर आणि अर्ध्यात सुटणं ही दोन तुमच्या उंबऱ्याजवळ घडतात. मुंबईचा प्रोफेसर तिथं पोचत नाही, तुम्ही रोज पोचता.

उशिरापासून सुरुवात करा. त्यासाठी वही घ्या आणि तुमच्या लेकराच्या तारखा लिहा, फक्त तारखा. पहिला ताप कधी. कोणत्या दवाखान्यात काय सांगितलं. सलाईन किती दिवस. रक्ताची पहिली तपासणी कधी झाली, 'पेशी कमी झाल्यात' हे कोण म्हणालं, स्मिअर (रक्ताची काच) कुणी सांगितला, परभणीहून पुढे कधी पाठवलं, पहिली केमो कधी मिळाली. मधल्या रिकाम्या दिवसांपुढे कारण लिहा: पोळा होता, पैसे नव्हते, रिपोर्ट मिळाला नाही, डॉक्टर रजेवर होते. कुणाचं नाव घेऊ नका, कुणाला दोष देऊ नका. असा एक कागद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवलात, तर त्याचं वजन भाषणाला येणार नाही, कारण त्यात नेमकं कुठं अडलं ते दिसतं. तुमच्यासोबतच्या सगळ्या आशाताई आणि गटप्रवर्तक तिथं असतात. तिथं एवढंच मागा, की लेकराचा ताप दोन आठवड्यांच्या वर गेला, तर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि त्यासोबत स्मिअर झालाच पाहिजे. स्मिअर म्हणजे रक्ताची काच पॅथॉलॉजिस्टनं स्वतः बघायची. ही महागडी तपासणी नाही.

आणि खुणा सांगा, आपल्या बोलीत, लेकीसुनांना कळतील अशा. दोन आठवड्यांवर न हटणारा ताप. चेहरा पांढराफटक. न पडता-धडपडता अंगावर निळे-जांभळे डाग, हिरड्यांतून रक्त. हाडं दुखतात म्हणून रात्री रडणारं, लंगडायला लागलेलं लेकरू. मानेत किंवा काखेत वाढत जाणारी गाठ. पोटातली गाठ, जी पुष्कळदा आंघोळ घालताना आईच्याच हाताला लागते. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, जी मोबाईलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत दिसते, किंवा नव्यानं आलेला तिरळेपणा. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून होणारी उलटी. यातली बहुतेक लेकरं कॅन्सरची निघणार नाहीत, हे प्रत्येक वेळी सोबत सांगायचंच. पण डोळ्याच्या आणि मूत्रपिंडाच्या गाठीत लवकर कळण्यानं खूप फरक पडतो, डोळा वाचतो, जीव वाचतो. आणखी एक, हे मात्र आयांना नाही, डॉक्टरांशीच बोलायचं: ताप किंवा सांधेदुखी हटत नाही म्हणून निदानाआधीच स्टेरॉईड दिलं, तर ल्युकेमिया काही काळ दबतो आणि तपासणीत लपतो. तुमचे वैद्यकीय अधिकारी हे जाणतात. आजूबाजूच्या खासगी दवाखान्यांपर्यंत हा निरोप त्यांनी न्यावा, अशी विनंती करा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ते येण्याआधी या खुणा दिसलेली दोन-तीन लेकरं त्यांना नावानिशी दाखवायची असं ठरवा. गर्दीत शंभर पोरं तपासताना जे सुटतं, ते तुम्ही बोट दाखवल्यावर सुटत नाही.

तुमच्या कपाटातल्या डब्यात मेथोट्रेक्सेटच्या पिवळ्या गोळ्या असतील, आठवड्यातून एकदा द्यायच्या. त्या औषधामागे एक माणूस आहे, त्याच्याबद्दल सांगते. यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म 1895. तरुणपणी त्यांचे दोन भाऊ आठवड्याभराच्या अंतरानं स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजारानं गेले. पुढे ते अमेरिकेत संशोधक झाले आणि अशा आजारात उपयोगी पडणारं फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते. त्याच कामातून फॉलिक ॲसिडच्या उलट वागणारी औषधं निघाली. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी 1947 च्या सुमारास ती ल्युकेमियाच्या लेकरांना देऊन पाहिली आणि ज्या आजारात काही आठवड्यांत मरण ठरलेलं असायचं, त्यात पहिल्यांदा आजार मागे हटलेला दिसला. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. सुब्बाराव 1948 मध्ये गेले. भावांच्या आजारावर काम करताना आपण परक्या लेकरांच्या कॅन्सरचं औषध घडवतोय, हे सुरुवातीला त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. हातात जे काम होतं, ते त्यांनी नेटानं केलं. परेलच्या टाटाचंही मूळ असंच घरातल्या दुःखात आहे. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियानं गेल्या. पती दोराबजींनी पुढच्याच वर्षी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी त्यांच्या नावानं निधी उभा केला, आणि 28 फेब्रुवारी 1941 ला ते हॉस्पिटल उघडलं. त्यांच्याकडे पैसा होता, सुब्बारावांकडे विद्या होती. तुमच्याकडे रस्ता माहीत असण्याची गोष्ट आहे, आणि ती परभणी जिल्ह्यात फार थोड्यांकडे आहे.

हा रस्ता म्हणजे काय, ते तुम्हाला सवयीनं साधं वाटत असेल. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसनं जायचं, सकाळी उतरायचं. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून घ्यायचा, स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला पूर्ण आणि सोबतच्याला 75 टक्के सूट. फाईल जनरलमध्ये काढायची. सरकारी योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र कुठं बसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण रेशनकार्डात लेकराचं नाव चढवलेलं नसलं की पहिल्याच दिवशी धावपळ होते. ते नाव गावातूनच चढवून घ्यायचं. धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे मागावं लागतं, तिथं आपणहून कुणी सांगत नाही. कॅन्सरच्या लेकरांना आईबापासोबत राहायला मिळणाऱ्या सेंट ज्यूड संस्थेच्या खोल्यांसाठी हॉस्पिटलच्या समाजसेवकाची चिठ्ठी लागते. प्लेटलेट लागल्या तर एसडीपीचा, म्हणजे एकट्यानं प्लेटलेट देणारा, डोनर कसा शोधायचा. पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी लेकराला किती वेळ उपाशी ठेवायचं हे आदल्या दिवशीच विचारून घ्यायचं. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, परेलच्या डॉक्टरांना विचारून मधल्या काही तपासण्या किंवा केमो तिथं घेता येतील का. तुम्ही हे सगळं पायपीट करून शिकलात. ज्या बापानं कालच 'ब्लड कॅन्सर' हा शब्द ऐकलाय आणि ज्याला दादर-परेल कुठं ते माहीत नाही, त्याला हे कुणीतरी फोनवर सांगितलं तर तो त्या रात्री गाडीत बसतो. नाहीतर कुणीतरी जडीबुटीवाल्याचा पत्ता देतोच.

उपचार अर्ध्यात सुटणं ही मराठवाड्यात वेगळीच गोष्ट आहे, आणि तिच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त काम करावं असं मला वाटतं. ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. पहिल्या काही महिन्यांनी काउंट सुधारतात, केस परत येतात, पोरगं गल्लीत खेळायला लागतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं की. तेवढ्यात दसरा येतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला कोयता घेऊन जावंच लागतं, आणि लेकरू आईबापासोबत कारखान्याच्या तळावर जातं. तिथं ना फाईल, ना गोळ्या, ना तारीख. सलग चार आठवडे उपचार चुकला, की बालकर्करोगतज्ज्ञ त्याला उपचार सोडणं धरतात. आईबाप निष्काळजी असतात असं नाही. उचल फेडायची असते, आणि डोळ्यांपुढे लेकरू धडधाकट दिसत असतं.

अशा घरात तुम्ही दसऱ्याच्या आधी जा, नंतर नाही. मुकादमाशी बोलता येतं का बघा. एक जण मागे थांबेल का, आजी लेकराला ठेवून घेईल का, ज्या कारखान्यावर जाणार तिथल्या आरोग्य केंद्राच्या आशाताईचा नंबर मिळेल का. तारखेच्या चार दिवस आधी फोन करा. गोळ्या संपायच्या कधी, ते वहीत लिहून ठेवा. आणि दोन गोष्टी प्रत्येक घरात, निरक्षर आजीलासुद्धा पाठ होईपर्यंत सांगा. पहिली: पिवळी गोळी आठवड्यातून एकाच वारी. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेततं. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. दुसरी: केमो चालू असलेल्या लेकराला ताप आला, म्हणजे थर्मामीटरवर 100.4 च्या वर गेलं, की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच तासाला दवाखाना, आणि दारात शिरताच पहिलं वाक्य 'केमो चालू आहे'. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत जीव घेतो. अँटिबायोटिक शिरेतून लगेच सुरू व्हावं लागतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी लिहून घेऊन फाईलच्या पहिल्या पानावर लावून ठेवा, म्हणजे रात्री ड्युटीवर कुणीही असलं तरी अडणार नाही.

शाळेचंही बघावं लागेल. 'त्याच्याजवळ बसू नको, लागतं' असं म्हणून लेकराला वेगळं बसवतात, ताट वेगळं ठेवतात. कॅन्सर स्पर्शानं पसरत नाही. उलट वर्गातल्या कांजिण्या-गोवराचा धोका त्यालाच असतो. मुख्याध्यापकांना हे एकदा समजावलं की पुरतं.

आता जे सांगायचंय, ते थोडं जड आहे. नव्यानं निदान झालेल्या घरात तुम्ही जाल, तेव्हा ती आई तुमच्याकडे कशी बघेल? गाव लहान असतं. तुमचं लेकरू वाचलं नाही हे तिला माहीत असणार. तुम्ही एक शब्द न बोलताही ती तिच्या मनातली भीती तुमच्या चेहऱ्यावर वाचेल. म्हणून पहिल्या भेटीत तुमची गोष्ट सांगू नका. तिनं विचारलं तर खरं सांगा, थोडक्यात सांगा, आणि लगेच म्हणा की दोन लेकरांचा ब्लड कॅन्सर सारखा नसतो, पुष्कळ बरी होतात. शक्य असेल तर बऱ्या झालेल्या लेकराची आई सोबत न्या किंवा तिच्याशी फोन जोडून द्या. तुमच्या वॉर्डातली कुणीतरी असेलच, डबे वाटून खाल्लेली. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बऱ्या झालेल्या मुलांचा गट आहे, त्यातली पोरं आता कॉलेजात, नोकरीत आहेत. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी 2004 पासून काम करणाऱ्या कॅनकिड्स या संस्थेकडेही पालकांचे गट आहेत. अधिकाऱ्यांपुढे मात्र उलट करा. तिथं पूर्ण गोष्ट सांगा, तारखांसकट, आवाज भरून आला तर येऊ द्या. आईच्या तोंडून ऐकलेलं अधिकारी विसरत नाहीत.

आणि डब्यातल्या उरलेल्या गोळ्या कुणालाही देऊ नका. 'वाया जातील' म्हणून दुसऱ्या लेकराला द्यायचा मोह होतो. डोस प्रत्येकाचा वेगळा असतो. कचऱ्यात, विहिरीत, नालीतही नाही. परेलला जाल तेव्हा हॉस्पिटलच्या औषध विभागाला परत करा. फाईल मात्र जपून ठेवा.

घरचं. मालक उठून रानात जातात, म्हणजे त्यांचं दुःख कमी आहे असं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे माणसांना रडायला जागा नसते, बांधावरच असते. लोक त्यांना गाडगेबाबांचं सांगत असतील, मुलगा गेल्याचा निरोप आला तरी कीर्तन थांबवलं नाही म्हणून. ते बाबांचं मोठेपण, पण कुण्या शेतकरी बापाला त्या मापानं मोजू नये. बाबांकडून घ्यायचंच तर दादरची धर्मशाळा घ्यावी, जिथं त्यांच्या नावानं आजही परेलच्या पेशंटांना आसरा मिळतो. मालकांना कामात ओढू नका, परवानगीही मागत बसू नका, पण दोन गोष्टी त्यांच्याशी ठरवून घ्या: लेकराचा फोटो आणि नाव दोघांच्या होकाराशिवाय कुठं वापरायचं नाही, आणि संध्याकाळी घरी आल्यावर या विषयाचे फोन घ्यायचे नाहीत. त्यांना घरात तेवढी निवांत वेळ मिळू द्या. पुढे कधी एखाद्या नव्या बापाचा फोन आला, गाडीचं नाही तर राहायचं विचारायला, तर तो त्यांच्या हातात द्या. घेतला तर घेतला.

सासूबाईंच्या बोलण्यात राग कमी आणि धाक जास्त असावा, लोक काय म्हणतील याचा. बॅनर लागला नाही, की त्यांची निम्मी भीती जाईल.

मुलीची मला जास्त काळजी वाटते. ती दोन वर्षं कुणाकडे राहिली? भाऊ मुंबईला, आईबाप मुंबईला, आणि ती आजीजवळ, कुणी तिला धड काही न सांगता. अशा पोरींना वाटत राहतं, की आपण त्याच्याशी भांडलो म्हणून झालं, नाहीतर आता हट्ट करायचा नाही, आईबापांना त्रास नको. तुम्ही दुसऱ्या लेकरांसाठी बाहेर पडलात आणि ती पुन्हा मागे राहिली, तर ते मला पटणार नाही. आठवड्यातला एक दिवस तिचा ठेवा, त्या दिवशी कुठलीही गृहभेट नाही. भावाबद्दल तीच काढेल तेव्हा बोला, नाही काढलं तर शाळेचं बोला. ती किंवा मालक जेवणखाण, झोप सोडत असतील, एकटं एकटं राहत असतील, 'जगून काय करायचं' असं बोलत असतील, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. तुमच्यासाठीही तोच.

ट्रस्टचं माझं स्पष्ट मत आहे: काढू नका. निदान आत्ता नाही आणि त्या पुढाऱ्यांच्या म्हणण्यावरून तर नाहीच. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला की पुन्हा अर्ज. हे सगळं सांभाळायला बाई स्वतंत्र लागते, आणि तुमचं तर आशाचंच काम दिवसाला पुरत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फलकावर तुमच्या लेकराचं नाव आणि खाली दुसऱ्यांचे हात जोडलेले फोटो, अशी गोष्ट एकदा झाली की ते नाव तुमच्या हातात राहत नाही. निवडणुकीत कुणाच्या मागे उभं राहायचं हेही मग दुसरेच ठरवतील. त्यांना आदरानं सांगा, "दादा, वर्षश्राद्ध घरचंच करणार. तुम्हाला मदत करायची असेल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्मिअर बघणारा पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा तरी बसेल एवढं करा." हे काम त्यांच्या वजनाचं आहे. केलं तर गाव त्यांचं नाव घेईलच.

लोकांपुढे बोलायची वेळ यायचीच असेल, तर सप्टेंबर चांगला. बालकर्करोगाच्या जागृतीचा महिना जगभर तोच पाळतात, आणि आपल्याकडे 17 तारखेला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला अख्खं गाव शाळेच्या मैदानावर असतं. मुख्याध्यापकांकडून पाच मिनिटं मागून घ्या आणि फक्त खुणा सांगा. यंदा जमणार नसेल तर सोडून द्या. वर्ष व्हायचंय, त्या दिवसांत तुमच्यानं उभं राहवेलच असं नाही, आणि खुणांचा कागद दुसऱ्या आशाताईनं वाचला तरी चालतो.

शेवटी चाळीस हजार. ते तुमचे नाहीत आणि ट्रस्टचेही नाहीत, ज्यांनी दिले त्यांचे आहेत. आधी कागदावर हिशेब मांडा: किती जमले, कशावर गेले, किती उरले. जिथं पावती नाही तिथं 'पावती नाही' असंच लिहा, मुंबईत रिक्षाची आणि चहाची पावती कुणाजवळ नसते, लोकांना ते कळतं. पासबुकाची झेरॉक्स जोडा. ती पानं 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचा, किंवा वाचवत नसेल तर ग्रामसेवकांना वाचायला द्या. ज्याला आपली रक्कम परत हवी, त्याला परत द्या, राग धरू नका. बाकीचे गावच्या संमतीनं फक्त एका कामाला ठेवा: तुमच्या आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कॅन्सर झालेल्या लेकराचा मुंबईला जायचा पहिला खर्च आणि तिथले पहिले आठ दिवस. योजना लागू व्हायच्या आधी सगळी ओढाताण तेवढ्याच दिवसांत होते, आणि तिथूनच माणसं परत फिरतात. एका घराला पाच हजारांच्या वर नको, उसने म्हणून नको, परत मागायचे नाहीत. वर्षानं पुन्हा हिशेब वाचायचा. खात्यावर दोन सह्या ठेवा, एक तुमची आणि दुसरी मालकांची. सभेला ते आले नाहीत तरी चालेल, फॉर्म घरी नेऊन सही घ्या.